भाव विचारू नका, चढा

पटायाच्या बीच रोडवर डाव्या फुटपाथला उभं राहून हात केला की गडद निळी पिकअप गाडी पुढ्यात येते. मागच्या पायरीवर पाय, दांड्याला हात, आणि समोरासमोरच्या दोन लांब बाकांवर जिथे फट दिसेल तिथे टेकायचं. कंडक्टर नाही, तिकीट नाही, वेळापत्रक नाही. थाई माणसं हिला सोंगथॅव म्हणतात, परदेशी पाहुणे बाट बस.

मार्ग समजायला नकाशाही लागत नाही. समुद्राला लागून बीच रोड, त्याला समांतर आत सेकंड रोड. दोन्ही एकेरी: पहिल्यावरून उत्तरेकडून दक्षिणेला जायचं, दुसऱ्यावरून परत यायचं. दक्षिणेला वॉकिंग स्ट्रीटच्या तोंडाशी गाडी डावीकडे वळते, उत्तरेला डॉल्फिनच्या पुतळ्यांच्या चौकात फिरते. काही गाड्या मधूनच भलतीकडे वळतात. तसं झालं तर बेल दाबून उतरायचं आणि मागची धरायची. ती मिनिटा-दोन मिनिटांत येतेच.

बेलचं बटण छताला असतं. उतरल्यावर चालकाच्या डावीकडच्या खिडकीशी जाऊन पैसे द्यायचे. या फेरीचं भाडं अनेक वर्षं 10 बाट आहे, म्हणजे साधारण पंचवीस-तीस रुपये. भोवती चंदेरी कडं आणि मध्ये पिवळा गोल असलेलं दहाचं नाणं चालक न बघता घेतो, नुसत्या बोटांनी ओळखतो. त्याच्या हातावर हजाराची नोट ठेवली की मात्र त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आपलं अडतं ते इथेच. चढण्याआधी भाव विचारणं हा आपला बाणा. रिक्षात बसताना न विचारणारा माणूस भोळा ठरतो. पटायात मात्र 'किती घेणार?' असं विचारलं की चालक समजतो, या गिऱ्हाइकाला अख्खी गाडी हवी आहे. मग आकडा शंभराच्या पुढे जातो आणि घासाघीस सुरू होते. रस्त्याकडेला उभ्या रिकाम्या गाडीत जाऊन बसलं तरी तोच घोळ. धावती गाडी थांबवून गुपचूप चढणारा दहात जातो. चालक लुटतात ही तक्रार खोटी नाही, पण निम्म्या वेळा सौद्याला आपणच तोंड फोडलेलं असतं.

सेकंड रोड आणि साउथ पटाया रोडच्या कोपऱ्यावर जोम्तिएन किनाऱ्याच्या गाड्या लागतात. तिथला कारभार थेट आपल्या वडापचा: दहा-बारा डोकी भरल्याशिवाय चाक हलत नाही. नाक्लुआकडे जाणाऱ्या गाड्या डॉल्फिन चौकाच्या बाजूने मिळतात, तर सुखुमवित महामार्गावर पांढऱ्या सोंगथॅव धावतात. बाली हाय धक्क्यावरून बोटीने को लान बेटावर उतरा, तिथेही किनाऱ्या-किनाऱ्यांवर नेणारी हीच जात हजर.

गाडी म्हणजे साधी एक टनी पिकअप, बहुतेक इसुझु किंवा टोयोटा. हौद्यावर छप्पर, दोन बाक, मागे पायरी. पिकअप बनवण्यात थायलंड जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, त्यामुळे सुटा भाग आणि मेकॅनिक कोपऱ्या-कोपऱ्यावर सापडतो. चालक सहकारी संस्थेचे सदस्य असतात आणि गाडीवर मोठ्या अक्षरांत नंबर असतो. वाद झालाच तर तो टिपून घ्यावा. बाजूने सगळं उघडं असल्याने वारा फुकट; एप्रिलातल्या सोंगक्रान या पाणी उडवण्याच्या सणाला मात्र रस्त्यावरची पोरं बादल्या घेऊन टपलेली असतात, तेव्हा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

मुंबई-पुण्याहून टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. एसी बस हॉटेलच्या दारातून उचलते आणि दारात सोडते. सोय मोठी खरी, पण रात्री जेवण झाल्यावर किनाऱ्यावर एक चक्कर मारायची तरी गाईडकडे बघावं लागतं.

फुकेत बेटावर मात्र बाट बसचा हा थाट नाही. तिथल्या सोंगथॅव फुकेत टाउन आणि एकेका किनाऱ्यादरम्यान धावतात. पातोंगहून काता किनाऱ्याला जायचं तरी त्या हिशोबाने आधी शहरात परतावं लागतं. संध्याकाळ झाली की त्या बंद होतात आणि टुकटुकवाले सांगतील तो भाव. म्हणून, स्वतःची गाडी न घेता थायलंडच्या किनाऱ्यावर चार दिवस काढायचे असतील तर पाण्याची निळाई विसरा आणि पटाया निवडा.