दहा सेकंदांची लाट वाढवणला पोहोचते तेव्हा

वाणगाव स्टेशनात उतरून पश्चिमेची वाट धरली की चिंचणीचा किनारा लागतो. पावसाळ्यात तिथे अरबी समुद्राच्या लाटा रांगेने येतात. अगदी एकसारख्या लाटांची रांग खोल पाण्यात मुळात टिकतच नाही, ही लाटांच्या शास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

टी. ब्रुक बेंजामिन आणि जिम फेअर यांनी ती 1967 साली दाखवून दिली. 25 फूट खोल टाकीत त्यांनी 7.2 फूट लांबीच्या लाटा सोडल्या आणि लाटा उठवणाऱ्या यंत्राच्या हालचालीत मुद्दाम अगदी थोडा चढउतार मिसळला. यंत्राजवळ रांग शिस्तीत होती. 200 फूट पुढे तिची पार मोडतोड झाली.

असे का होते? रांगेतली एखादी लाट जराशी उंच झाली की तिचा वेगही किंचित वाढतो. तिच्या पुढच्या लाटा दाबल्या जाऊन आखूड होतात, मागच्या ताणल्या जाऊन लांब होतात. खोल पाण्यात लांब लाटांची ऊर्जा वेगाने पुढे सरकते, आखूड लाटांची मागे रेंगाळते. म्हणजे दोन्हीकडची ऊर्जा मधल्या उंच लाटेकडेच गोळा होते, आणि ती आणखी उंच होते! हॉवेल पेरेग्रिन यांनी 1983 मध्ये गणिताने मांडलेली अशी, आजूबाजूच्या लाटांच्या तिप्पट उंचीची लाट 2011 मध्ये टाकीत प्रत्यक्ष उठवली गेली.

उथळ पाण्यात मात्र हा खेळ थांबतो. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या साधारण 22 टक्क्यांहून कमी झाली की एका दिशेने जाणारी रांग स्थिर राहते; हा तिचा उंबरठा. हा हिशेब चिंचणीजवळच्या वाढवण बंदराला लावून पाहू. त्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. तिथली सुमारे 20 मीटरची नैसर्गिक खोली हे जागा निवडण्याचे एक मोठे कारण. दर दहा सेकंदांनी येणारी लाट त्या खोलीवर सुमारे 120 मीटर लांब असते. त्याहून खोल पाण्यात ती आणखी लांब असते, त्यामुळे तिच्यासाठी उंबरठा सुमारे 30 मीटरचा, म्हणजे वाढवणला येण्याआधीच तो ओलांडून तिची रांग स्थिर झालेली असते. वाऱ्याने जवळच उठवलेली सहा सेकंदांची लाट जेमतेम 55 मीटर लांब. उथळ पाण्याकडे येताना ती आणखी आखूड होते, त्यामुळे तिचा उंबरठा सुमारे 11 मीटरवर आहे, आणि तिथपर्यंत तिची रांग मोडू शकते.