बिघाडाचे पाच नॉब

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात झॅकरी वेक्स यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'फझ फॅक्टरी' नावाचं गिटारचं पेडल तयार केलं. त्याच्यावर पाच नॉब आहेत आणि त्यांतले बहुतेक स्वतःपुरतं काम करत नाहीत. एक फिरवला की बाकीच्यांचा अर्थ बदलतो. गिटारची तार न छेडताही हे पेडल किंचाळू शकतं, आणि त्या किंकाळीचा सूर नॉब फिरवून खाली-वर नेता येतो. नवशिका हे पेडल जोडतो तेव्हा पहिल्या मिनिटात त्याला खात्री वाटते की दुकानदारानं बिघडलेला माल माथी मारला. ते तसं बनवावंसं का वाटलं, हे समजायला आधी बिघाडाच्या संगीताकडे जावं लागतं.

फझ म्हणजे आवाजाच्या लहरींची छाटणी. गिटारच्या पिकअपमधून येणारी लहर गोलसर असते. ती सर्किटच्या कुवतीबाहेर वाढवली की तिचे माथे आणि तळ सपाट कापले जातात. लहर जवळजवळ चौकोनी होते आणि मूळ सुरात नसलेले पुष्कळ वरचे स्वरांश तिच्यात उगवतात. एकाच तारेवर वाजवलं तर हा आवाज जाडजूड, खरखरीत आणि लांबत जाणारा होतो. दोन सूर एकत्र आले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही सूर निघतात. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी फझवर दणदणीत वाजते, आणि चार-पाच सुरांची भरगच्च कॉर्ड वाजवली की नुसता चिखल होतो.

फझ पेडलचा जन्म नॅशव्हिलच्या एका स्टुडिओतल्या बिघाडातून झाला. गायक मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचा बेस गिटारचा तुकडा घरघरत उमटला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ साली गाणं गाजलं. इतरांनाही तसाच आवाज हवासा झाला. पण ट्रान्सफॉर्मर पुरता निकामी झाला होता. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बांधलं. गिब्सन कंपनीनं ते १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' म्हणून विकायला काढलं, आणि जाहिरात अशी केली की गिटारमधून सॅक्सोफोन, ट्रम्पेट, चेलो यांसारखे आवाज काढा! फारसं कुणी ते घेतलं नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी ते वाजवलं, तेसुद्धा तात्पुरतं. पुढे त्या जागी पितळी वाद्यं घ्यायचा त्यांचा विचार होता. रेकॉर्ड मात्र फझसकटच निघाली आणि दुकानांत पडून राहिलेले फझ-टोन संपले. जाहिरातीनं सांगितलेलं काम ते पेडल कधीच नीट करू शकलं नाही, आणि त्यातच त्याचं नशीब उघडलं.

लंडनमध्ये १९६६ साली आयव्हर आर्बिटर यांनी 'फझ फेस' आणलं. माइकच्या स्टँडच्या गोल तळावरून सुचलेली वाटोळी पेटी, दोन नॉबचे डोळे. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली ते आलं आणि गाजलं. आत पाहिलं तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. एकूण अकरा भाग. एखाद्या शाळकरी मुलाचा विज्ञान-प्रकल्पही याहून गुंतागुंतीचा असतो. तरीही एकाच दिवशी, एकाच बाकावर बनलेली दोन फझ फेस वेगवेगळी वाजत.

याला कारण जर्मेनियम. त्या काळचे ट्रान्झिस्टर या अर्धवाहकाचे, आणि एकाच खोक्यातल्या दोघांचं वर्धन (गेन) सहज दुप्पट-निमपट निघे. शिवाय जर्मेनियम गळतं. ट्रान्झिस्टर बंद असायला हवा तेव्हाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि तापमान चढलं की ही गळती झपाट्यानं वाढते. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर नऊ व्होल्टांच्या साधारण निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास व्होल्ट असले की लहर दोन्ही बाजूंनी सारखी छाटली जाते. हा बिंदू सरकला की आवाज तुटक होतो, शेपटी गळून पडते, सूर थुंकल्यासारखे येतात. स्टेजवरचे दिवे तापले की तो सरकतो, हिवाळ्यात तालमीच्या थंड खोलीतही सरकतो. हा बिंदू ज्याच्यावर ठरतो तो ८.२ किलोओहमचा रेझिस्टर कारखान्यात एकदा डाख देऊन बसवला की विषय संपला. ट्रान्झिस्टर कसाही असो, रेझिस्टर तोच. म्हणून जाणकार वादक अनेक फझ फेस वाजवून त्यांतलं एक निवडत. हेन्ड्रिक्ससाठी रॉजर मेयर हा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार ट्रान्झिस्टर पारखून, सर्किटं सुधारून देत असे. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. ते उन्हाळ्या-पावसाळ्यात सारखे वागतात, स्वस्त पडतात, पण त्यांची छाटणी जास्त धारदार असते. तेव्हापासून जर्मेनियम की सिलिकॉन हा वाद गिटारवाल्यांच्या अड्ड्यावर चालू आहे आणि तो मिटावा असं कुणालाच मनापासून वाटत नाही.

वेक्स यांनी या वादात वेगळीच वाट काढली. फझ फेसच्याच ठेवणीतले दोन जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर घेतले, त्यांना एका सिलिकॉन ट्रान्झिस्टरची जोड दिली, आणि एरवी बनवणारा पेटीच्या आत कायमचं ठरवून टाकतो अशा गोष्टी नॉब लावून बाहेर आणल्या. व्हॉल्यूम आणि ड्राइव्ह हे ओळखीचे. गेट आवाजाच्या शेवटची सुरसुर कापतं; जास्त फिरवलं तर सूरही मध्येच तुटतो. कॉम्प आघाताचा पोत बदलतं. पाचवा नॉब 'स्टॅब', म्हणजे स्थैर्य. तो सर्किटला मिळणारं व्होल्टेजच कमी-जास्त करतो. पूर्ण वर असेल तर पेडल शहाण्यासारखं वागतं. खाली आणलं की मरायला टेकलेल्या बॅटरीसारखा आवाज येतो, आणि ठरावीक जागी पेडल स्वतःच आंदोलित होऊन शिट्टी घालू लागतं. जुन्या वादकांना सुकत चाललेल्या बॅटरीवरचा फझ आवडायचा. वेक्स यांनी ती अवस्था मागाल तेव्हा मिळेल अशी केली. माझ्या मते या यंत्रातली खरी कल्पकता इथे आहे. बाकीचे बनवणारे जर्मेनियमचा लहरीपणा आटोक्यात आणू पाहत होते, वेक्स यांनी त्याचा लगाम वादकाच्या हातात दिला.

सुरुवातीची ही पेडलं हातानं रंगवलेली असत, त्यामुळे दोन पेट्या दिसायलाही सारख्या नसत. इंग्लंडमधल्या म्यूझ या बँडचा मॅट बेलामी याचा तर या पेडलवर इतका जीव की गिटार बनवणारे ह्यू मॅन्सन यांनी त्याच्या गिटारच्या पोटातच फझ फॅक्टरी बसवून दिली. २००१च्या 'प्लग इन बेबी'ची सुरुवात ऐकली की पाचवा नॉब काय करतो ते कानाला कळतं.

तक्रारीही आहेत, आणि त्या रास्त आहेत. आज सापडलेला आवाज उद्या सापडेलच असं नाही. अंधाऱ्या स्टेजवर कुणाचा पाय नॉबला लागला तर गाण्याच्या मधोमध किंकाळी फुटते. लग्नात, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. तिथे एका नॉबचं सिलिकॉन फझ पुरे. घरी बसून आवाज शोधणाऱ्याला मात्र फझ फॅक्टरीइतका खुराक दुसरं कुठलंही फझ देत नाही.

आपल्याकडच्या हौशी मंडळींसाठी चांगली बातमी अशी की या पेडलांना लागणारं जर्मेनियम आपल्याला अनोळखी नाही. एसी-१२८ हा फझवाल्यांचा लाडका ट्रान्झिस्टर एके काळी घरोघरच्या रेडिओंत स्पीकर हलवायचं काम करत असे, आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली इथल्या जुन्या दुकानांत, नाहीतर माळ्यावरच्या मोडक्या रेडिओत असा एखादा मिळाला तर टाकू नका. मल्टिमीटरवर दिसणाऱ्या वर्धनाच्या आकड्यावर लगेच भाळूही नका. गळकं जर्मेनियम तो आकडा फुगवून दाखवतं. ट्रान्झिस्टर चिमटीत धरून बघा, बोटांच्या उबेनं आकडा भराभर चढत गेला तर तो बाजूला ठेवा. फझ फेसच्या सर्किटमध्ये गळती वजा करून पहिल्या जागी सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्या जागी एकशेवीसच्या आसपास वर्धनाचा ट्रान्झिस्टर बसवा, ८.२ किलोओहमच्या जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, लावा, आणि कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत तो फिरवा. मग प्रीसेट काढून तिथे बाहेरून फिरवता येणारा नॉब बसवायचा की नाही, हे तुमच्या शेजाऱ्यांच्या सहनशक्तीवर ठरवा.