नव्वदाव्या दिवसाचा गठ्ठा

‘सरकारी वकिलांनी खटला भरला’ असं आपण सहज म्हणून जातो. आपल्याकडे खटला भरतो तो ठाण्यातला तपास अधिकारी. वकिलाच्या टेबलावर येतो तो दोरीने बांधलेला गठ्ठा, आणि आरोपी कोठडीत असला तर पुष्कळदा साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसाच्या तोंडावर. दोषारोपपत्र पाठवायची ही मुदत उलटली की जामीन हा आरोपीचा हक्कच. अशा वेळी दोन साक्षीदारांचे जबाब शब्दन्‌शब्द सारखे आहेत, स्वल्पविरामसुद्धा तिथेच, हे वकिलाच्या लक्षात आलं तरी तो करणार काय?

पूर्वी हा प्रश्नही फारसा पडत नसे. मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालवणारे पोलीस प्रॉसिक्यूटर खात्याचेच असत. 1958 साली विधी आयोगाने ही दोन कामं वेगळी करा म्हटलं. 1 एप्रिल 1974 पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ हे पद कायद्यात आलं. महाराष्ट्रात मात्र लगाम पोलीस खात्याच्याच हाती राहिला. तो सोडा, असं शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं, तेही 1995 साली. एकवीस वर्षं!

वकील असा सुटा झाला, पण निर्णयाची लेखणी ठाण्यातच राहिली. दोषारोपपत्र पाठवायचं की ‘ए’, ‘बी’, ‘सी’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, तक्रार खोटी, की नुसता गैरसमज, हे ठरवतात पोलीसच. मॅजिस्ट्रेट समरी नाकारू शकतो, पुढचा तपास सांगू शकतो. पण दोषारोपपत्रच पाठवा असा हुकूम सोडू शकत नाही, हे 1967 सालीच अभिनंदन झा खटल्यात ठरलं. 2000 साली सरला खटल्यात न्यायालयाने सरकारी वकिलालाही तपासाच्या उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

त्याच्या हाती उरलं एकच: भरलेला खटला मागे घेणं. 1974 च्या संहितेतल्या कलम 321 प्रमाणे हा विचार वकिलाचा स्वतःचा हवा असे. प्रत्यक्षात वारं मंत्रालयाकडून वाहतं. मार्च 1977 मध्ये सरकार बदललं आणि जॉर्ज फर्नांडिसांवरचा बडोदा डायनामाइट खटला मागे घेतला गेला. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. 2021 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने बजावलं, की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत.

1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. खटला मागे घ्यायला परवानगी देण्याआधी न्यायालयाने पीडिताचं ऐकून घेतलं पाहिजे, ही त्यातली सुधारणा मला मोलाची वाटते. अभियोग संचालनालयाच्या कलमात दोषारोपपत्र ‘तपासणे आणि छाननी करणे’ हे शब्दही आले. पण ते उपसंचालकाच्या वाट्याला, आणि सात वर्षांपासून दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते. दहा वर्षं, जन्मठेप, फाशीच्या खटल्यांत संचालकाने कामकाजाला वेग यावा म्हणून देखरेख करायची आणि अपिलाबद्दल मत द्यायचं. खुनाचा गठ्ठा आधी उघडून पाहायचं काम या कलमाने कुणालाच दिलेलं नाही. साठ आणि नव्वद दिवस आहेत तेच आहेत.