हवामान, पेहराव आणि तापमानाच्या दोन मोजपट्ट्या

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत अंगातील ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो आणि हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये सांगितले जाते. त्यामुळे १०४ अंश ताप ऐकून हादरणारे आपण ४० अंशांचे ऊन मात्र सहज घेतो. वस्तुतः हे दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आहेत.

फॅरनहाइटची मोजपट्टी १७२४ साली, तर सेल्सिअसची १७४२ साली मांडली गेली. (सेल्सिअसच्या मूळ पट्टीत पाणी ० अंशाला उकळे आणि १०० अंशांना गोठे!) समशीतोष्ण प्रदेशातील बहुतेक हवामान फॅरनहाइटच्या ० ते १०० या टप्प्यात सामावते, असा तिच्या अमेरिकी समर्थकांचा युक्तिवाद आहे. विदर्भात तो टिकत नाही; तेथील ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ अंश फॅरनहाइट होत. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून ती अधिक सूक्ष्म, हेही खरे. परंतु पेहराव ठरविताना एका अंशाने काय बिघडते?

तेथे निर्णायक ठरते ती आर्द्रता, आणि ती कोणतीच पट्टी सांगत नाही. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४०, तर किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस असा निराळा निकष लावतो. त्वचेहून हवा अधिक तापली की शरीर थंड राखण्यास घामाच्या बाष्पीभवनाचाच आधार उरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम झपाट्याने वाळतो, म्हणून डोके व कान झाकणारे उपरणे उपयोगी पडते. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, तेथे सैल, पातळ सुती कपडेच हवेत.