निद्रिस्त विषाणू (लेखांक ४) : मूत्रपिंडातून मेंदूत

कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या आठवड्यातला विषाणू त्याहून गुपचूप वावरतो. तो अंगात शिरला तरी ताप येत नाही, पुरळ उठत नाही. जगातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं सापडतात, पण त्यांतल्या बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

नाव जेसी. १९७१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बिली पॅजेट, डुआर्ड वॉकर आणि सहकाऱ्यांनी तो एका मृत रुग्णाच्या मेंदूतून वेगळा केला. त्या रुग्णाच्या नावाची ही आद्याक्षरं. रुग्णाला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग होता. त्याला झालेला मेंदू पोखरणारा आजार १९५८पासून नोंदलेला होता, आणि पहिले तिन्ही रुग्णही रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचेच होते. डॉक्टर त्याला पीएमएल म्हणतात. हात-पाय लुळे पडतात, बोलणं अडखळतं, दिसेनासं होतं. अनेकांना काही महिन्यांत मृत्यू येतो.

एरवी हा विषाणू मूत्रपिंडात मुक्काम ठोकून असतो आणि ठणठणीत माणसाच्याही लघवीतून अधूनमधून बाहेर पडतो. त्याचा सगळा जनुकीय ऐवज सुमारे पाच हजार शंभर अक्षरांचा. त्यातल्या एका लहानशा पट्ट्यावर त्याची वाढ कुठल्या पेशीत, किती जोमाने होईल हे ठरतं. मूत्रपिंडातल्या विषाणूत हा पट्टा सरळ, नीटनेटका असतो. पीएमएलच्या रुग्णांच्या मेंदूत मात्र त्याचे काही तुकडे गळालेले, काही दुबार झालेले आढळतात. असा बदललेला विषाणू ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींत भराभर वाढतो. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणं हे त्या पेशींचं काम. त्या मेल्या की, आवरण सोललेल्या विजेच्या तारांसारखी तंतूंची गत होते.

पण विषाणू बदलला म्हणून आजार होतोच असं नाही. विषाणूंवर नजर ठेवणाऱ्या, प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींचा पहारा ढळावा लागतो. एचआयव्हीवर परिणामकारक औषधं नव्हती तेव्हा एड्सच्या शंभरातल्या पाचेक रुग्णांना पीएमएल गाठायचा, तो एचआयव्ही याच पेशी संपवतो म्हणूनच.

पहारा किती नेमका असतो, हे एका चांगल्या औषधाने उघड केलं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराच्या स्वतःच्याच टी-पेशी मेंदूत घुसून मायलिनवर तुटून पडतात. नॅटालिझुमॅब हे औषध त्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीतून मेंदूत उतरूच देत नाही. नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २००५मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. चाचण्यांत औषध घेतलेल्या तिघांना पीएमएल झाला होता. त्यांतला एक क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा रुग्ण. मेंदूतल्या गाठीने तो दगावला, असं आधी मानलं गेलं होतं. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर जेसी सापडला. ते नमुने राखून ठेवण्याचं भान ज्यांनी दाखवलं, त्यांचे अनेक रुग्णांवर उपकार आहेत. हल्ला करणाऱ्या पेशींना दार बंद झालं, तेव्हा त्याच दारातून पहाऱ्याला जाणाऱ्या पेशीही बाहेर राहिल्या होत्या.

औषध मात्र टाकून दिलं गेलं नाही, आणि ते योग्यच झालं. मल्टिपल स्क्लेरोसिसने हळूहळू पंगू होत जाणाऱ्यांना त्याचा खरा आधार होता. २००६मध्ये कडक देखरेखीखाली ते परतलं. पुढे धोक्याचा हिशेबही मांडता आला. रक्तात जेसीची प्रतिपिंडं नसतील तर धोका नगण्य. प्रतिपिंडं आहेत, आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली आहेत आणि नॅटालिझुमॅब दोन वर्षांहून अधिक चालू आहे, अशांत तो हजारी सुमारे ११ निघाला.

जेसीला थेट मारणारं सिद्ध औषध आजही नाही. एमआरआयवर संशय आला की पाठीतलं पाणी काढून त्यात विषाणूचा डीएनए शोधतात आणि नॅटालिझुमॅब तातडीने बंद करतात. टी-पेशी मग मेंदूत परततात, पण कधी इतक्या त्वेषाने, की त्या सुजेनेच रुग्णाची प्रकृती आणखी ढासळते. तेव्हा स्टिरॉइड द्यावी लागतात. म्हणून आता भर आहे तो आधीच सावध होण्यावर : प्रतिपिंडांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करायची, आणि काही रुग्णांत दर चार आठवड्यांचा डोस सहा आठवड्यांवर न्यायचा.