पैलवान कोणाचा?

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव गादीवर उतरले. अंगाला लाल मातीची सवय असलेला गोळेश्वरचा हा मल्ल परक्या पृष्ठभागावर, परक्या नियमांनी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट आपण नेहमी पदकासाठी सांगतो. मला ती खर्चाच्या हिशोबासाठी पुन्हा सांगायची आहे. लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. हेलसिंकीच्या वेळी खाशाबा वर्गणीसाठी दारोदार फिरले आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे या पदकामागे एक दरबार होता, एक कॉलेज होतं आणि गावोगावची माणसं होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या आसपासच्या तालमींचं गेल्या सत्तर वर्षांत काय झालं, हे समजून घ्यायचं तर हाच धागा धरावा लागतो. पैलवान घडवण्याचा भार कोणी उचलला, आणि तो कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर गेला?

आधीचा काळ राजर्षी शाहूंचा. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींना बळ मिळालं ते त्यांच्या आश्रयामुळे. उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहिले, त्यांच्या खुराकाची सोय संस्थानाने केली, आणि इथली पोरं त्यांच्याशी लढत लढत शिकली. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं होतं. त्याच धर्तीवर १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान तयार झालं, तेव्हा कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला मधला हौदा दिसेल अशी त्याची रचना होती. राजा आणि रयत एकाच कुस्तीला एकाच वेळी दाद देऊ शकतील, असं ते मैदान.

संस्थानं गेल्यावर हा आश्रय संपेल असं वाटलं होतं. तो संपला नाही, त्याचा धनी बदलला. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांनी राजाची जागा थोडीफार घेतली. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीत दूधगंगा-वेदगंगा कारखाना आला. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावावरून त्या परिसराला मौनीनगर म्हणतात. कागल, राधानगरी, भुदरगड आणि करवीर या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचा ऊस इथे येतो. कारखान्याने या गावांना नुसता उसाचा दर दिला असं नाही. पगाराची नोकरी दिली, रस्ते दिले, आणि हातात चार पैसे खुळखुळू लागल्यावर जत्रेच्या मैदानाला मोठं इनाम लावण्याची ऐपतही दिली. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली. कागलच्या शाहू कारखान्याने दरवर्षी कुस्ती स्पर्धा भरवून त्यातून मानधनधारक मल्ल निवडायला सुरुवात केली. वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ दर १३ डिसेंबरला होणारं मैदान तर महाराष्ट्राबाहेरच्या मल्लांनाही ओढून आणतं.

तो काळ भरभरून देणारा होता. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्या वर्षी पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी तो मान मिळवला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी मिळून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदकं आणली, तीही गादीवर. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ मध्ये रुस्तम-ए-हिंद झाले, आणि १९७४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्यपदक घेऊन ख्राइस्टचर्चहून परतले. खासबागेत युवराज पाटलांनी दिल्लीच्या सत्पालला अस्मान दाखवलं, ती कुस्ती पाहिलेले म्हातारे अजूनही हात वर करून त्या डावाचं वर्णन करतात.

या यादीतली गावं नीट पाहा. एकसंबा, पुनवत, कवठेपिरान, अर्जुनवाडा. सगळी खेडी. कोल्हापूरच्या तालमीने त्यांना घासूनपुसून काढलं, पण मूळ घडण गावच्या हौद्यातली. गावच्या तालमीचा खर्च म्हटला तर काय होता? एक दगडी खोली, मारुतीची तसबीर, चार गाड्या लाल माती. ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती माती मळायची, दरवर्षी नवी माती मिसळायची. पहाटे पाचला जोर-बैठका, संध्याकाळी लढत. शिकवायला गावातलाच एखादा मोकळा झालेला जुना पैलवान, वस्ताद म्हणून. त्याला पगार नव्हता, पण त्याला कोणी रानात राबायला लावत नसे आणि लग्नाकार्यात पहिलं पान त्याचं असे. पोराच्या खुराकाला घरच्या म्हशीचं दूध, कमी पडलं तर भावकीतल्या दुसऱ्या घरातून एक चरवी. म्हाईला, उरसाला मैदान भरे. रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होई, सात-आठ वर्षांची पोरं लंगोट सावरत मातीत उतरत, आणि हलगी घुमायला लागली की बाया-बापड्या कौलांवर चढून बघत. आपल्या गावचा गडी आहे, एवढं एकच नातं पुरायचं.

पोरगं एकाच घरात जन्मायचं, पण पैलवान म्हणून ते गावाचं असायचं. मला वाटतं, आज हरवलंय ते हे. पडझड गादीमुळे झाली हे जे सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आंदळकर आणि माने मातीतूनच आले होते आणि गादीवर जिंकून आले होते.

मग झालं काय? एक एक कडी निसटत गेली. दूध घरात राहिलं नाही, सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या केंद्रावर जायला लागलं. गोकुळने या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी हातात पैसा दिला आणि ते फार मोठं काम झालं, पण पूर्वी पोराला सहज मिळणारं दोन लिटर दूध आता रोज पैशात मोजलं जातं. त्यात बदाम, तूप, मटण, अंडी. मग जमिनीच्या वाटण्या झाल्या, भावकी पांगली. वस्ताद म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी बिनपगारी बसायला कोणी तयार झालं नाही. होणार तरी कसं? गावच्या तालमीची इमारत बहुतेक ठिकाणी उभी आहे, उलट पूर्वीपेक्षा चांगली आहे. आमदार-खासदार निधीतून स्लॅब पडलाय, फरशी बसलीय. कित्येक ठिकाणी आत व्यायामाची लोखंडी यंत्रं आलीत आणि गणपतीत मंडळाचं कार्यालयही तिथेच असतं. हौदा मात्र कोरडा.

गादीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पैशाचा आहे. मातीतल्या कुस्तीला वेळेचं बंधन नव्हतं. खडाखडीत अर्धा तास गेला तरी चालायचं, निकाल चितपटीनेच. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, गुण, निष्क्रियतेची ताकीद, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपली. हे नियमही अलीकडे घट्ट झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्तीच वगळायची शिफारस केली, तेव्हा हादरलेल्या जागतिक संघटनेने खेळ वेगवान आणि पाहणाऱ्याला समजेल असा करायला घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्ती वाचली. लोझानमधल्या फेब्रुवारीच्या त्या बैठकीचा परिणाम बिद्रीजवळच्या मुधाळ तिट्ट्यापर्यंत येतो, तो असा: जो पोरगा घिस्सा आणि ढाक या डावांची वाट बघत दमाने लढायला शिकला, त्याला आता पहिल्या मिनिटाला पायात घुसून पट काढायचा असतो. त्यासाठी रोज गादीवरच सराव लागतो. बारा मीटर बाय बारा मीटरची गादी, ती मावेल एवढी बंदिस्त जागा आणि नियम जाणणारा प्रशिक्षक. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला हे एकट्याने झेपत नाही.

त्याहून मोठी अडचण प्रमाणपत्राची. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि पोलीस खात्याची वर्दी हे आज बहुतेक पैलवानांच्या घरचं स्वप्न आहे. त्यासाठी लागतं मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं यश. जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती मारली तर रोख इनाम मिळतं, फेटा मिळतो, कधी चांदीची गदा मिळते. कागद मिळत नाही. त्यामुळे ज्या बापाला जरा ऐपत आहे तो बारा-तेरा वर्षांच्या पोराला कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत ठेवतो. राहणं, खाणं, खुराक, फी, स्पर्धांचा प्रवास, सगळं एका घरावर. ज्याला ऐपत नाही त्याचा पोरगा कितीही चपळ असला तरी गावातच थांबतो आणि गावात शिकवायला कोणी नाही. अनेक घरांनी पोरासाठी म्हैस विकली, रान गहाण टाकलं. खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं ते दुसऱ्याच्या पोरासाठी. आज बाप स्वतःच्या पोरासाठी ठेवतो आणि गाव फक्त निकालाची वाट बघतं.

निकालही हुकत गेला. २००० साली विनोद चौगुलेंनी महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूरला आणली. दादू चौगुले यांचे हे सुपुत्र. त्यानंतर कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या या जिल्ह्याला पुढची गदा मिळाली ती थेट एप्रिल २०२२ मध्ये, पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलने साताऱ्यात जिंकून. त्या रात्री जिल्ह्यात फटाके वाजले आणि ते वाजायलाच हवे होते. पण मधली दोन दशकं कुठे गेली, हे कोणत्याही जाहीर सत्कारात विचारलं गेलं नाही.

त्याआधीची दोन वर्षं करोनाची. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यात यात्रा झाल्या नाहीत, मैदानं भरली नाहीत. शहरातल्या नोकरदाराला घरबसल्या पगार मिळाला, इनामावर खुराक भागवणाऱ्या पैलवानाला काहीच नाही. वीस-एकवीस वर्षांच्या गड्याची दोन वर्षं म्हणजे त्याच्या उमेदीचा मोठा तुकडा. कितीतरी जण तेव्हा तालीम सोडून टेम्पोवर, एमआयडीसीत, सेंट्रिंगच्या कामावर गेले, ते पुन्हा हौद्यात दिसले नाहीत.

आणि जत्रा पुन्हा भरू लागतात तोच वरच्यांचं भांडण. २०२२ च्या मध्यात भारतीय कुस्ती महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. मग दोन गट, दोन दावे, दोन महाराष्ट्र केसरी. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने महासंघालाच निलंबित केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालाच्या वादातून पंचाला लाथ बसली आणि ते दृश्य घराघरांत पोचलं. नेते एकमेकांवर मात करत राहिले. ज्या पोराला प्रमाणपत्रावर भरतीचा अर्ज भरायचा होता, त्याला कोणत्या गटाचा कागद चालेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. याचा मला मनापासून संताप येतो.

जवळच एक वेगळी वाटही दिसते. बिद्रीहून फार लांब नाही, कागल तालुक्यातच, मुरगूडला सदाशिवराव मंडलिकांच्या नावाने कुस्ती संकुल उभं राहिलं. तिथे गादी आहे, मुक्काम आहे, प्रशिक्षक आहे. तिथल्या मुली आज देशाच्या आखाड्यात नाव काढतात. जुन्या तालमीत बाईमाणसाने उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज होता. गादी आली म्हणून पोरींना जागा मिळाली. मातीच्या प्रेमापोटी गादीला शिव्या देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अशी ओढाताण फक्त आपल्याकडे नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा लाकडी काठी आणि लहान चेंडूचा फार जुना खेळ आहे. १८८४ मध्ये थर्ल्स गावी त्याची संघटना झाली आणि आजही अव्वल खेळाडूला पगार नाही. तो शिक्षक असतो, शेतकरी असतो, आणि जिल्ह्याकडून कितीही नावाजला गेला तरी सहसा आपल्या गावच्याच क्लबकडून खेळतो. तिथेही तरुण डब्लिनला आणि परदेशात गेले, लहान गावांना शेजारच्या गावाशी जोडून संघ उभे करावे लागतात. जिल्ह्यांच्या सामन्यांनी वर्ष खाऊन टाकलं, तेव्हा संघटनेने २०२२ पासून वर्षाची वाटणी केली: जिल्ह्यांची अंतिम लढत जुलैत, पुढचे महिने क्लबांचे. मोठ्या मैदानाच्या उत्पन्नातला मोठा भाग खाली क्लबांकडे परत जातो. यातलं आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे. गावच्या क्लबाशिवाय वरचा खेळ उभा राहत नाही, हे तिथे आर्थिक ताळेबंदात मान्य केलेलं दिसतं.

आपल्याकडे साखर कारखान्यांचं मानधन थेट मल्लाच्या हातात पडतं, स्पर्धेत जिंकल्यानंतर. म्हणजे जो आधीच घडलाय त्याला. घडण्याआधीची सहा-सात वर्षं कोणाच्याच हिशोबात नाहीत. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, पाच-सहा गावांत मिळून एक गादी, तिथे पगारी वस्ताद, सकाळी मुलग्यांची आणि संध्याकाळी मुलींची वेळ, आणि बारा ते अठरा वयाच्या पोरांना दूध, एवढं कार्यक्षेत्रात उभं करणं कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही. माती राहू द्या, उरूस राहू द्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या तर राहिल्याच पाहिजेत, कारण पोरगं पहिल्यांदा तिथेच उतरतं. उन्हाळ्यातल्या मैदानांना जिल्हा संघटनेने नोंदणी आणि पंच दिले तर तिथल्या विजयालाही कागदाचं मोल येईल.

सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. उसाचा दर, डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती यांवर सभासद तावातावाने बोलतात. त्यातल्या एखाद्याने उभं राहून विचारावं, की तालमीतल्या वस्तादाचा पगार यंदाच्या अंदाजपत्रकात कोणत्या पानावर आहे.