कूट शब्दकोड्याची सचोटी

इंग्रजी वृत्तपत्राच्या आतल्या एखाद्या पानावर काळ्यापांढऱ्या घरांचे जे कोडे छापलेले असते, आणि ज्याला इंग्रज लोक क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात, त्याच्याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात जितके गैरसमज रूढ आहेत तितके दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी विषयाबद्दल क्वचितच असतील. ते सोडविणारा एक तर प्रकांड पंडित असावा नाही तर रिकामटेकडा, ते रचणारा लहरी आणि खुनशी असावा, आणि त्यातली सूत्रे म्हणजे ज्यांना काहीही अर्थ नाही व म्हणूनच ज्यांचा कोणताही अर्थ लावता येतो अशी वाक्ये असावीत, असा एकंदर समज आहे. यांपैकी रिकामटेकडेपणाच्या आरोपाची वकिली मी घेत नाही. बाकीचे आरोप मात्र पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पहिला आणि सर्वांत मोठा आरोप संदिग्धतेचा. आपल्या नेहमीच्या शब्दकोड्यात ‘जलज, तीन अक्षरे’ असे सूत्र असले, की कमळ, पंकज, अंबुज यांतले कोणते लिहावे हे उभ्या शब्दाचे एखादे अक्षर हाती लागेपर्यंत कळण्याचा मार्ग नसतो. कूट कोड्याचे सूत्र असे अर्धवट नसते. त्याच्या एका टोकाला, म्हणजे आरंभी किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो, आणि उरलेल्या भागात ते उत्तर अक्षर-अक्षर जोडून कसे तयार करावे याची कृती असते. दोन्ही वाटांनी गेल्यावर एकच शब्द हाती आला तरच उत्तर खरे. जमेच्या आणि खर्चाच्या बाजूंची रुजवात पडावी तसा हा प्रकार असल्याने, उत्तर सापडल्यावर ते बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या अंकाला विचारावे लागत नाही.

उदाहरण मराठीतच घेऊ, कारण इंग्रजी अक्षरांची ओढाताण नागरी लिपीत दाखविणे दोन्ही भाषांना जाचक होईल. ‘एक मळकट, आत मात्र चिखलातले फूल (३)’ असे सूत्र समजा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा गबाळा पण सुस्वभावी मनुष्य उभा राहतो, आणि तसा तो राहावा हीच रचणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्षात ‘चिखलातले फूल’ हा अर्थ झाला, ‘आत’ हा हुकूम झाला, आणि ‘एक मळकट’ या दोन शब्दांच्या पोटात सलग तीन अक्षरे दडलेली आहेत: क, म, ळ. अंबुज नव्हे, पंकजही नव्हे. दुसऱ्या उत्तराला येथे जागाच नाही.

कृतींचे प्रकारही अगणित नाहीत. ‘मगर खवळलेली, तापलेली (३)’ यात खवळणे ही अक्षरे ढवळण्याची खूण असून मगरीचे ‘गरम’ होते. इंग्रजीत या प्रकाराला अमाप वाव आहे, कारण तेथे लिसन आणि सायलेंट या शब्दांतली सहाही अक्षरे नेमकी तीच निघतात. ‘राज उलटले, पण थोडेसेच (२)’ याचे उत्तर ‘जरा’. ‘मोटारीमागे ओझे, असली व्यवस्था! (४)’ यात ‘कार’च्या मागे ‘भार’ लावला की कारभार उभा राहतो. ‘निवडणुकीनंतर एकाच्या गळ्यात, दुसऱ्याच्या नशिबी (२)’ या सूत्रात कृती अशी नाहीच. दोन अर्थ शेजारी-शेजारी ठेवले आहेत आणि दोघांनाही ‘हार’ हाच शब्द लागू पडतो. एखादा शब्द दुसऱ्याच्या पोटात घालणे, आद्याक्षरे वेचणे, उच्चारसाम्याचा फायदा घेणे असे आणखी चार-सहा प्रकार सांगितले की बहुतेक दप्तर संपते. इंग्रज कोडेकारांचे काही ठरीव संकेत आहेत, उदाहरणार्थ ‘फ्लॉवर’ हा शब्द दिसला की तो फूल नसून ‘जी वाहते ती’ म्हणजे नदी असण्याचा संभव धरावा लागतो. पण ते सरावाने कळतात आणि त्यांत गुप्त असे काही नाही.

हा जो कायदा आज आपण पाहतो तो मात्र आरंभापासून नव्हता, आणि खुनशीपणाच्या आरोपात जो थोडासा सत्यांश आहे तो त्या आरंभीच्या काळाचा आहे. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत एडवर्ड पॉवीस मॅथर्स या गृहस्थाने जी कोडी घातली, ती ‘टॉर्केमाडा’ या स्पेनमधील धर्मपीडक न्यायाधिकाऱ्याच्या नावाने घातली. याच मॅथर्सने बिल्हणाची म्हणून प्रसिद्ध असलेली ‘चौरपंचाशिका’ ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ या नावाने इंग्रजी काव्यात स्वैरपणे उतरविली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्याच्या कोड्यांना बहुश्रुतता लागे, आणि सूत्रातला प्रत्येक शब्द कामाचा असेलच अशी हमी तो देत नसे. त्याच्यामागून त्याच जागी आलेला ‘झिमेनीझ’, म्हणजे क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतील लॅटिन-ग्रीकचा शिक्षक डेरिक मॅकनट, याने नावाची परंपरा चालविली पण कारभार बदलला. ‘आफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची याने १९४९ च्या सुमारास एक तत्त्व सांगितले होते: कोडेकाराच्या मनातला अर्थ वाक्याच्या दर्शनी अर्थाहून वेगळा असण्यास हरकत नाही, पण तो मनातला अर्थ वाक्याच्या शब्दांतून व्याकरणशुद्धपणे निघाला पाहिजे. मॅकनटने १९६६ च्या आपल्या ग्रंथात या तत्त्वाची जवळजवळ संहिताच केली.

ती संहिता किती कडक आहे हे पाहायचे असेल तर वरचे कमळाचे सूत्र पुन्हा हाती घ्या. ‘एक मळकट सदरा, आत मात्र चिखलातले फूल’ असे लिहिले असते तर वाक्य अधिक सुबक झाले असते, चित्रही अधिक ठसठशीत उमटले असते. परंतु सदऱ्यातले एकही अक्षर उत्तराच्या उपयोगी नाही, तेव्हा मॅकनटपंथी परीक्षकाने तो सदरा निर्दयपणे उतरविला असता. उलट, ‘गार्डियन’मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ ‘अरोकॅरिया’ या नावाने कोडी रचणारे पाद्री जॉन ग्रॅहॅम अशा बाबतीत सढळ होते, आणि लोकांचे प्रेम त्यांना अधिक लाभले. २०१३ च्या जानेवारीत आपल्याला कर्करोग झाल्याची वार्ताही त्यांनी एका कोड्यातूनच वाचकांना कळविली. या दोन पंथांत माझा कौल विचाराल तर तो मॅकनटकडे आहे. जेथे वाचकाला फसविण्याचा परवाना घेतलेला असतो तेथे हिशोब चोख असलेलाच बरा.

पांडित्याविषयीचा समज याच इतिहासातून निकालात निघतो. टॉर्केमाडाच्या काळी ग्रंथसंग्रह पाठीशी लागे. आजच्या दैनिकातल्या कोड्याला मध्यम प्रतीचा शब्दसंग्रह आणि वाक्याचे दर्शनी रूप दुर्लक्षून त्याचे तुकडे पाडण्याची सवय एवढी सामग्री बहुधा पुरते. सराव केल्याने वार्धक्यातला स्मृतिभ्रंश टळतो असे जे हल्ली सांगितले जाते त्याला खात्रीचा पुरावा नाही. कोडी सोडविल्याने कोडी सोडविणे सुधारते, इतके निश्चित.

हे कोडे म्हणजे इंग्रजांची पुरातन परंपरा, हाही असाच एक भ्रम. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याने पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले ते अमेरिकेत, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात, आणि त्याची सूत्रे सरळ अर्थाची होती. कूट पद्धती ही पुढे इंग्लंडने घातलेली भर. लंडनच्या ‘टाइम्स’ने या अमेरिकन वेडाची प्रथम थट्टा केली आणि १ फेब्रुवारी १९३० पासून मुकाट्याने आपलेही कोडे सुरू केले.

युद्धकाळाच्या आख्यायिका अधिक सावधपणे तपासाव्या लागतात, कारण त्यांत खरेखोटे एकत्र मळलेले आहे. ‘डेली टेलिग्राफ’ने १९४२ च्या जानेवारीत बारा मिनिटांच्या आत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली आणि तीतल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी-कचेरीत बोलावणे आले, हे खरे, पण त्यावरून जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुप्तलिपी कोडी सोडविणाऱ्यांनी उकलली असे म्हणणे म्हणजे तेथल्या गणितज्ञांवर, भाषापंडितांवर आणि हजारो स्त्री-कर्मचाऱ्यांवर अन्याय होय. त्याच पत्रात १९४४ च्या मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मल्बेरी, नेपच्यून असे नॉर्मंडीच्या स्वारीचे सांकेतिक शब्द एकामागून एक उत्तरांत आले, तेव्हा कोडेकार लेनर्ड डॉ या शाळेच्या मुख्याध्यापकांची गुप्तहेर खात्याने जबानी घेतली. ते हेर नव्हते. ते आपल्या विद्यार्थ्यांकडून रिकाम्या घरांत शब्द भरून घेत, आणि शेजारच्या लष्करी तळावर उंडारणाऱ्या मुलांनी सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांत आले, असे त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने १९८४ मध्ये सांगितले.

आपल्या मुलखाशी ज्याचा थेट संबंध पोचतो तो गैरसमज मात्र जुगाराचा आहे, आणि तो निर्माण होण्यास सबळ कारण घडले होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसी शब्दकोड्यांचे पेव फुटले. प्रवेशमूल्य भरून उत्तरे धाडावयाची आणि सीलबंद लखोट्यातल्या उत्तराशी ज्याचे जुळेल त्याने रक्कम न्यावयाची, अशी ही रीत. सूत्र असे योजावे की दोन शब्द सारखेच लागू पडावेत. माझ्या पदरचे उदाहरण द्यायचे तर ‘संकटकाळी घराला याचा आधार’, पहिले घर रिकामे, दुसऱ्यात ‘र’, आता धीर म्हणा की वीर म्हणा. बुद्धीने येथे निवाडा होणे अशक्य. नाणे फेकणेच बाकी. मुंबई सरकारने १९४८ चा सोडती व बक्षीस-स्पर्धांवरील नियंत्रण आणि कराचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून प्रांताबाहेर छापलेल्या पत्रांनाही त्याच्या कक्षेत आणले, तेव्हा बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून अशी कोडी चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने ही कोडी जुगारच असल्याचा निर्णय दिला. त्याच दिवशी, संसदेच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्यासंबंधीच्या निकालात, ज्या स्पर्धांत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते त्या या कायद्याच्या बाहेर होत, असेही स्पष्ट झाले. या भेदाची कसोटी लावली तर संशयित ठरते ते दोन उत्तरांचे साधे कोडे, आणि निर्दोष सुटते ते कूट कोडे.

राहता राहिली ती मराठीच्या असमर्थतेची समजूत. आपल्या कोड्यात एका घरात स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर बसत असल्याने अक्षरे ढवळण्यास इंग्रजीइतका वाव मिळत नाही, ही गोष्ट मान्य. पण उलटणे, लपविणे, जोडणे आणि द्व्यर्थ यांना काहीच अडचण नाही. ज्या परंपरेत दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार वर्णिले आणि मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले, तिला ‘वार उलटला, शिऱ्याला हाच हवा (२)’ एवढे सूत्र जड जाऊ नये.

तेव्हा मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्या पाहणाऱ्या संपादकांना एवढीच विनंती, की नित्याच्या शब्दकोड्याशेजारी आठवड्यातून एक दहा-बारा सूत्रांचे कूट कोडे छापून पाहावे, आणि पुढच्या अंकात नुसती उत्तरे न देता प्रत्येक सूत्राची फोडही द्यावी.